एका तारेवर अडलेली गाडी

चि. बाळास,


गणपतीहून परतलात आणि गाडी चालू होईना, हे दादाकडून कळलं होतंच. पण रात्री फोनवर तू म्हणालीस, "काका, गॅरेजवाला म्हणतो अख्खं वायरिंग बदलायला लागेल, आणि आयटीआयचं एक वर्ष होऊनही त्याला काय विचारायचं ते मला सुचलं नाही." हे मला फार लागलं. म्हणून लिहितोय. गाडीपाशी उभं राहून वाच.

गाडी दहा दिवस उभी, वर पाऊस. उंदरांना बोनेटखालच्या कोरड्या जागेपेक्षा आणखी काय हवं? तू सांगितलेल्या खुणा मी लिहून घेतल्यात: बॅटरीच्या मागच्या बाजूला चार-पाच वायरी कुरतडलेल्या, त्यातल्या दोन कुणीतरी पिळून वर टेप गुंडाळलेली, डॅशबोर्डचे दिवे लागतात, किल्ली फिरवली की एकदाच "टक" आणि सेल्फ गप्प. वायरिंग बदलण्याआधी हा "टक" कुठून येतो ते शोधायचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, ओढणी काढून ठेव, केस बांध. आईला किल्ली फिरवायला बसव आणि तू फ्यूज बॉक्समधल्या सेल्फच्या रिलेवर बोट ठेव. रिले असेल तर बोटाला बारीक ठोका लागतो. खाली गिअरबॉक्सपाशी जाड दणका आला, तर तो सेल्फवरच्या सोलेनॉइडचा. रिले वाजतो पण खाली काहीच नाही, असं असेल तर बिघाड बहुधा त्या दोघांच्या मधल्या बारीक वायरीत आहे. खाली दणका येतो पण सेल्फ फिरत नाही, तर जाड केबल, अर्थिंग, बॅटरी किंवा खुद्द सेल्फ. एका बोटाने निम्मी गाडी संशयातून बाहेर काढता येते.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटरने 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. पण तेवढ्यावर थांबू नकोस. आई किल्ली फिरवत असताना पुन्हा बघ. सेल्फ ओढायला लागल्यावर आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर आधी बॅटरी चार्ज करून घे. आणि आकडा 12.5 वरून हललाच नाही, तर बॅटरीतून सेल्फकडे करंट जातच नाहीये. वाट कुठेतरी तुटलीय.

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण या कामात माणसं इथेच फसतात. उंदीर वायर नेहमीच पूर्ण तोडत नाही. वरचं प्लास्टिक खातो आणि आतल्या तारांपैकी एखाददुसरी शाबूत सोडतो. अशा वायरीला तू मीटरची दोन टोकं लावलीस तर मीटर छान पिप करतो, वायर चांगली आहे म्हणून सांगतो. मीटरला चिमूटभर करंट पुरतो, तेवढा एक तार नेते. पण सेल्फला शंभर अँपिअरच्या पुढे लागतात. त्याच्या जाड केबलच्या वाटेत 0.05 ओहम, म्हणजे मीटरवर धड दिसणारही नाही एवढा अडथळा असला, तरी शंभर अँपिअरला पाच व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेल्फच्या वाट्याला उरतं काय? म्हणून वायर तपासायची ती तिच्यावर ओझं टाकून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धर. आईला किल्ली फिरवायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, तर अर्थिंग खराब. हेच पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत. ज्या बाजूला व्होल्ट हरवतात, तिथेच बिघाड.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्याची किंमत दुसऱ्याने भरली. 1993 साली एका डॉक्टरांची गाडी आली होती, अशीच "टक" करून थांबणारी. मी सेल्फ खराब म्हणून सांगितलं, नवा बसवला, पैसे घेतले. बदलताना वायरी हलल्या म्हणून गाडी चार दिवस चालली. पाचव्या रात्री ते एका पेशंटकडे निघाले आणि गाडी दारातच अडली. पहाटे मी गाडीखाली शिरलो, तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बोल्टापाशी हिरवी पडून सुटत आलेली. पट्टी घासून आवळली, गाडी लागली. जुना सेल्फ मी दुकानात टेबलावर लावून पाहिला, सुरेख फिरला. तो परत बसवून त्यांचे पैसे परत केले, पण त्या रात्री ते वेळेवर पोहोचले नाहीत, ते कसं परत करणार? तेव्हापासून व्होल्ट मोजल्याशिवाय मी कुणाला पार्ट बदलायला सांगितलेलं नाही.

तुझ्याकडे एक फ्यूजही पुन्हा पुन्हा उडतोय म्हणालीस. लाल म्हणजे दहाचा. त्या जागी निळा पंधराचा किंवा पिवळा विसाचा घालायला कुणी सांगेल, घालू नकोस. फ्यूज जळायच्या ऐवजी वायर जळेल. फ्यूज काढ आणि त्याच्या दोन खाचांत इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोड. शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटेल. आता त्या फ्यूजवरचे कपलर एकेक करून सोडव, हार्नेस हलव. ज्या क्षणी बल्ब विझेल तिथे थांब, तुझा शॉर्ट हाताखाली आहे. फ्यूज न जाळता शोधायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. मात्र हा बल्ब आणि टेस्ट लॅम्प ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा सेन्सरच्या वायरींना लावायचे नाहीत, तिथे मीटरच. आणि पिवळ्या रंगाच्या कपलरला काहीच लावायचं नाही, ती एअरबॅगची वाट आहे.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं पुढे झालं तर तो वेगळा धडा. तेव्हा किल्ली ऑन केल्यावर इंजिनचा दिवा लागतो का आणि मागे पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणतो का, एवढं ऐकून मला सांग.

जागा सापडली की आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडव. ती टेप काढून टाक. वायर मागे सोलत जा, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळं किंवा हिरवं तांबं राखू नकोस, त्यावर डाग धरत नाही. तेवढ्याच जाडीचा तुकडा घाल, श्रिंक स्लीव्ह आधी सरकवून ठेव (घाईत विसरलीस तर डाग परत सोडवावा लागतो), मग डाग दे. चार वायरींचे जोड एकाच ठिकाणी नकोत, दोन-दोन बोटं मागेपुढे घे, म्हणजे एकमेकांना घासणार नाहीत. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी दिसल्या तर जोडल्यावर तसाच पीळ परत दे. तो बाहेरचा विद्युत गोंधळ आत शिरू देत नाही.

चार-पाच वायरींसाठी अख्खं हार्नेस लागत नाही. पण कुरतडलेली जागा कपलरच्या आत गेली असेल किंवा आतली वायर लांबवर काळी पडली असेल, तर तो गॅरेजवाला बरोबर आहे, आणि तेही त्याला तोंडावर सांग.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना तीन आकडे घे: उभ्या गाडीचे व्होल्ट, किल्ली फिरवतानाचे व्होल्ट, आणि निगेटिव्ह खुंट ते इंजिन. वहीत लिही आणि फोटो पाठव. कापलेला वायरीचा तुकडा फेकू नकोस, येताना घेऊन ये. मी नऊला दुकान उघडतो, फोन हाताशीच ठेवतो.

तुझा,
काका