नगरच्या घरातलं सोवळं

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं सांभाळतच. टिळकांनी तेही चालू दिलं. आणि त्यांचा स्वभाव तर किती तापट, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे! १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो मन वळल्यावर, स्वतःहून.

मंडळीत शिकवणाऱ्या बंधुभगिनींनो, टिळकांच्या कवितांइतकंच मला त्यांचं हे थांबणं मोठं वाटतं. तुमच्या घरातही कुणी प्रार्थनेला बसत नसेल. आज त्याला वचनं ऐकवू नका. सकाळचा चहा त्याच्यासोबत घ्या आणि त्याला बोलू द्या.