हळूहळू, पण रोज

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५

माझ्या थोरल्या भावाचं हर्नियाचं हे दुसरं ऑपरेशन. पहिल्या वेळी टाके निघाले आणि पंधरवड्यातच तो कशेळीच्या गोडाऊनवर बोजे उचलायला गेला. रोज बुडत होता ना! हर्निया पुन्हा आला. यावेळी ठाण्याच्या रुग्णालयात त्याच्या उशाशी बसून मी हा श्लोक वाचला.

इथे भगवंत अर्जुनाला ध्यान शिकवतात. मन एका झटक्यात आवर, असं ते म्हणत नाहीत. धीर धरलेल्या बुद्धीने हळूहळू शांत हो, म्हणतात. मला वाटलं, मनाचं जे, तेच शरीराचं.

ऑपरेशननंतर पहिली रात्र जड जाते. दुखतं, घसा कोरडा पडतो, पाणीसुद्धा विचारूनच, घोट घोट. आणि सकाळी सिस्टर म्हणतात, उठा, चाला! दादा घाबरला, "टाके उसवतील गं!" पण नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साचतो. मग पोटाशी उशी धरून खोकायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, आज खाटेपासून दारापर्यंत, उद्या जिन्यापर्यंत.

म्हणजे हळूहळू म्हणजे पडून राहणं नव्हे. धावणंही नव्हे. वरची जखम लवकर भरते, पण आत बसवलेली जाळी रुजायला कित्येक आठवडे लागतात. खरा धीर दुखताना नाही, बरं वाटायला लागल्यावर लागतो. दादा मागच्या वेळी तिथेच चुकला.

आणि सोसणं म्हणजेही धीर नव्हे. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज, धाप, यातलं काहीही लपवू नका. लगेच सांगा.

काल दादा म्हणाला, "धीर धरीन गं, पण चूल कशी पेटायची?" मी गप्प झाले. रिकाम्या डब्यापुढे श्लोक सांगणं सोपं असतं का? रात्री आम्ही भावंडांनी ठरवलं, डॉक्टर वजन उचलायची परवानगी देईपर्यंत त्याच्या घरचा किराणा आम्ही भरायचा. धीर त्याने धरायचा, भार आम्ही वाहायचा.

तुमच्या ओळखीत कुणी असं खाटेवर आहे का? आज त्याला "लवकर बरे व्हा" म्हणू नका. काय हवं ते विचारा.

देवा, आजच्या पावलापुरतं बळ दे. उद्याचं उद्या मागू.

राम कृष्ण हरी!