तळ्याविषयीं खरी साक्ष

"आतां ऋतु पूर्वीचे राहिले नाहींत," हें वाक्य हल्लीं पारावर, आठवड्याच्या बाजारांत आणि उपासना आटोपल्यावर मंदिराच्या दारांतहि ऐकूं येतें. बोलणारा तें सहज बोलतो, ऐकणारा मान हालवितो, आणि विषय तेथेंच संपतो. परंतु ही एक साक्ष आहे. शेजाऱ्याविषयीं बोलतांना खोट्या साक्षीचें भय आपण बाळगतों. मग आकाशाविषयीं व पाण्याविषयीं बोलतांना, आपण स्वतः काय पाहिलें आणि केवळ काय ऐकलें, हें निवडण्याचें बंधन आपणांवर आहे कीं नाहीं? माझ्या मतें आहे. आणि ही निवड करण्यास गावतळ्यासारखी सोयीची जागा दुसरी नाहीं.

तळ्यांत जणूं दोन घड्याळें चालतात. पहिलें सूर्याचें. पाऊस ओसरूं लागला कीं परीट पक्षी शेपटी हालवीत काठावर उतरतो, मागाहून थापट्या बदकें येतात, आणि उन्हाळा लागतांच हे पाहुणे उत्तरेकडे परततात. दिवस किती मोठा व रात्र किती मोठी, यावरून मुख्यतः त्यांस निघण्याची वेळ कळते. त्या मापांत आपल्या आजोबांच्या काळापासून कांहींच फरक पडलेला नाहीं. दुसरें घड्याळ पावसाचें. मोठा बेडूक उन्हाळाभर मातींत दडून असतो. पहिला दमदार पाऊस होतांच नर हळदीसारखा पिवळा होतो, त्याच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात, आणि थोड्याच रात्रींत मादी नव्या साचलेल्या उथळ पाण्यांत अंडीं घालते. ढोकरीच्या पाठीवर किरमिजी पिसें येतात. कमळपक्ष्यास लांब शेपटी फुटते. आणि अंडीं उबविण्याचें काम त्यांच्यांत नर करितो, हें ऐकून आमच्या कित्येक गृहस्थांस हसूं येईल, तर येवो.

बिघाड झाला आहे तो या दुसऱ्या घड्याळांत. मुंबईस मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. २०२३ सालीं तो तेथें २५ जूनला आला आणि २०२५ सालीं २६ मे रोजींच आला. दोन वर्षांच्या अंतरांत एक महिन्याचा फरक! मोसमी पाऊस राजस्थानांतून परत फिरण्याची ठरलेली तारीख १ सप्टेंबर होती. हवामान खात्यानें ती २०२० सालीं १७ सप्टेंबर केली. त्याच्या आदल्या वर्षीं तर परतीस ९ ऑक्टोबर उजाडला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारतांत विस्तीर्ण प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. अरबी समुद्र तापला आहे, आणि तेथून वारा पुष्कळ बाष्प एकदम वाहून आणतो.

बेडकाच्या दृष्टीनें याचा अर्थ पाहा. पहिली सर पडली, अंडीं घातलीं, आणि मग तीन आठवडे ऊन पडलें, तर डबकें आटतें आणि पाय फुटण्यापूर्वींच पिल्लें चिखलांत वाळतात. शेतकरी दुबार पेरणी करितो, कर्ज काढून का होईना. बेडकाला बियाणें उसनवार मिळत नाहीं. यिर्मयाच्या ८ व्या अध्यायांत करकोचाचें ज्ञान लोकांच्या अज्ञानापुढें मांडलें आहे. पक्षी आजहि आपली वेळ जाणतो. पण वेळेवर येऊन त्याला येथें काय सांपडेल, हें कोणास सांगतां यावयाचें नाहीं.

तथापि स्मरण हा कच्चा साक्षीदार आहे. म्हाताऱ्या मनुष्यास त्याच्या बाळपणींचा प्रत्येक मृग भिजलेला आठवतो. कोरडे मृग तो विसरलेला असतो. कोणी म्हणतात, नक्षत्रेंच सरकलीं. सरकतात खरीं, पण सुमारें ७० वर्षांत एक दिवस. एवढ्यानें पेरणी चुकत नाहीं. तसेंच एका वर्षाच्या पावसावरून ऋतु बदलला असें म्हणतां येत नाहीं. पुष्कळ वर्षांची नोंद लागते.

आणि येथें एक मोह आहे, त्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. तळें ओसाड झालें कीं आपण सर्व दोष ऋतूवर ढकलतों. गाळ कोणी काढला नाहीं, बांध फुटला तो तसाच राहिला, जलपर्णीनें पाणी झांकलें, फवारणीचे डबे काठावर धुतले, हें सर्व ऋतूनें केलें काय? बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार चालला होता, तो सरकारास १९८७ सालीं बंद करावा लागला. त्या बेडकांस काहीं अवर्षणानें मारिलें नव्हतें. उलट, कोळसा व तेल जाळून हवा तापविण्यांत ज्यांचा हात मोठा आहे ते देश व तीं शहरें आपल्या शिवारापासून फार दूर आहेत. त्याचा जाब कोरडवाहू शेतकऱ्याजवळ मागणें हा अन्याय होय. दोन्ही हिशेब वेगळे ठेवावे. दुसऱ्याचें मोठें देणें दाखविल्यानें आपलें लहान देणें फिटत नाहीं, आणि आपलें लहान देणें कबूल केल्यानें त्याचें मोठें देणें माफ होत नाहीं.

पाऊस किती पडला हें तालुक्याच्या ठिकाणीं मोजलें जातें. बेडूक कोणत्या रात्रीं ओरडले हें बहुधा कोणी लिहून ठेवीत नाहीं. गांवच्या शिक्षकानें किंवा उपदेशकानें एक वही घालावी. बेडकांची पहिली रात्र, डबक्यांतील पिल्लांस पाय फुटले कीं तीं वाळलीं, परीट दिसला तो दिवस, तळें आटलें तो दिवस, एवढ्या चार नोंदी दरवर्षीं पुरेत. मुलांस हें काम फार आवडतें, व त्यांचे डोळेहि आपल्याहून तीक्ष्ण असतात. ज्या वर्षीं कांहीं पाहणें झालें नाहीं, त्या वर्षीं तो रकाना कोरा सोडावा. शेजारच्या गांवाहून ऐकून तो भरूं नये.