शेजारधर्म

दिवाळीचा आरंभ आपण वसुबारसेने करतो. आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची पूजा होते आणि दारात सणाची पहिली पणती लागते. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यात मात्र याच तिथीला अनेक आदिवासी गावांत वाघबारस साजरी होते. गुराखी मंडळी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, त्याची पूजा करतात, नैवेद्य दाखवतात. एकीकडे गाईची पूजा, तर दुसरीकडे गाईला खाणाऱ्याची! पण ज्याच्या दावणीला गुरे आहेत, त्यालाच वाघाशी काही बोलणे करून ठेवावे लागते. त्या पूजेत वाघावरचे प्रेम शोधू नये. शेजारी आपण निवडलेला नसतो. तो असतो, म्हणून त्याच्याशी वागण्याची एक रीत ठरवावी लागते. वाघबारस ही तशी रीत आहे.

लोकांच्या बोलीत बिबट्याही वाघच. त्याचा शेजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जुन्नर-आंबेगाव भागात धरणे झाली, कालव्यांचे पाणी आले आणि जिराईत रानांत ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात असतो. माणसाला ते पीक दिसते. बिबट्याला दाट, गार, पाण्याजवळचे रान दिसते. भोवती कुत्री, डुकरे, शेळ्या आहेतच. मादी तिथेच विते, आणि उसात जन्मलेल्या पिलाला ऊस हेच आपले घर वाटते.

मग त्याला पकडून दूर का सोडू नये? तो उपाय करून झाला आहे. २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या मोहिमेत जुन्नर भागातले २९ बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यापूर्वी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत; पुढे ते १७ झाले. पिंजऱ्यात बिथरलेले जनावर परक्या मुलखात सोडले, म्हणजे ते शहाणे होत नाही. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

याउलट अकोल्याच्या ऊसपट्ट्याचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत होती, आणि शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. इतक्या दाटीतही माणसांवरचे हल्ले विरळच होते.

'विरळ' हा शब्द कागदावर दिलासा देतो. पण ज्या घरातले मूल अंगणातून गेले, तिथे तो उच्चारायची छाती होणार नाही. जुन्नर-शिरूरच्या शिवारांत अशी घरे आहेत. खरा नैतिक पेच इथे आहे. १९७२ च्या कायद्याने बिबट्याला संरक्षण दिले ते साऱ्या देशाच्या वतीने. वाघ राखल्याचे पुण्य सर्वांनी वाटून घ्यायचे आणि मोल मात्र उसाच्या बांधावर राहणाऱ्यांनी द्यायचे, हा कुठला न्याय? 'एवढे प्रेम असेल तर घेऊन जा तुमच्या वाड्यात,' असे शेतकरी रागाने म्हणाला, तर त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही.

तरीही त्या रागातून 'मारून टाका' हा निष्कर्ष निघत नाही. बिबट्या आपल्या स्वभावाने जगतो; पाप-पुण्याचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. रानाचे शिवार आपण केले, शिवाराचे पुन्हा रान आपणच केले. ज्याला विचार करता येतो, शेजारधर्म त्याच्यावरच पडतो. बिबट्याने तो पाळावा अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आणि हा धर्म नुसत्या भूतदयेने पाळला जात नाही. शेतीला वीज रात्री मिळाली, तर शेतकऱ्याला काळोखात पाणी धरावे लागते; ती दिवसा मिळावी. ऊसतोड कामगारांची लेकरे बांधावरच्या कोपीत निजतात. त्यांना पक्का आडोसा आणि जवळ शौचालय हवे. शेळ्यांना बंदिस्त गोठा हवा, गावाच्या कडेचा उकिरडा हटायला हवा, म्हणजे कुत्री-डुकरे कमी होतील आणि त्यांच्यामागे येणाराही. गेलेल्या जनावराची भरपाई हेलपाट्यांविना मिळायला हवी. या गोष्टींना पैसा लागतो, आणि तो एकट्या त्या गावांनी का भरावा?

फराळाच्या ताटातला लाडू ज्या साखरेने गोड झाला, ती अशाच कुठल्या तरी फडातून आलेली असते. ती खाणाऱ्याचाही या शेजारात वाटा आहे. आणि जिथे वाटा आहे, तिथे वर्गणीही आली.