प्रारब्ध आणि तपासणी

कर्करोग प्रकट होण्यापूर्वीच त्याची तपासणी करून घ्यावी असे सुचवले असता ‘नशिबात असेल ते थोडेच चुकणार आहे!’ असे जे उत्तर आपल्या घराघरांतून मिळते, ते देणाऱ्याच्या श्रद्धेविषयी पूर्ण आदर बाळगूनही, मला शास्त्रसंमत वाटत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने आत्रेयांना हाच प्रश्न केला आहे, की मनुष्याचे आयुष्य नियत असते की अनियत. त्यावर गुरूंनी ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे मनुष्याचा स्वतःचा प्रयत्न, या उभयतांच्या बलाबलावर ठेवले, आणि रथाचा उत्तम आसही अतिभाराने किंवा वाईट वाटेने अकाली मोडतो, तसे आयुष्याचे होते, असे सांगितले. मग आस मोडण्यापूर्वीच तो पाहून घेणे हाही पुरुषकारच नव्हे काय?

गर्भाशयमुखाचा कर्करोग तर वर्षानुवर्षे पूर्वावस्थेत राहून मगच उग्र रूप धारण करतो. म्हणजे दैवानेच येथे मनुष्याला मुदत दिलेली असते. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली आरंभ झालेल्या एका अभ्यासात, ज्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय सहभागी होते, ३० ते ५९ वर्षे वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ३४,००० स्त्रियांना या कर्करोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूची चाचणी केवळ एकदा देऊ करण्यात आली. आठ वर्षांत त्यांच्यात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर अशी योजना नसलेल्या सुमारे ३१,५०० स्त्रियांत ६४. या दोन आकड्यांमधील अंतरात ज्या स्त्रिया आज हयात आहेत, त्यांना आपण वाचलो हे ठाऊकही नसेल, आणि कोणाच्या ललाटी काय लिहिले होते हे सांगण्याचे धाडस कोणत्या ज्योतिष्याने करावे?

प्रत्येक चाचणी अशी फलदायी ठरते असे मात्र नव्हे. त्याच अभ्यासात इतर दोन पद्धतींनी मृत्युसंख्येत लक्षणीय घट दिसली नाही; आणि काही अर्बुदे तर अशी मंद असतात, की ती शोधून काढल्याने रुग्णाच्या वाट्याला केवळ चिंता आणि शस्त्रक्रिया येते. म्हणून कोणता रोग, कोणत्या वयात आणि कोणत्या साधनाने शोधावा, हा विवेक पुरुषकाराचाच भाग होय. शिवाय जो लपलेला रोग शोधतो त्याच्यावर इलाजाची तजवीज करण्याची जबाबदारीही येते. तिच्याविना दिलेले ज्ञान ही मला क्रूरता वाटते. दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या दवाखान्यात जायचे, आणि दोष निघालाच तर पुढचा खर्च कोण करणार हे कोणीच सांगायचे नाही, अशा स्थितीत जी शेतमजूर स्त्री नशिबाचे नाव घेऊन घरी राहते, तिला दैववादी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.