दिलेली किल्ली आणि घेतलेले नाव

मराठीत 'परवलीचा शब्द' असा एक जुना शब्दप्रयोग आहे. रात्री पहारेकरी तो विचारी आणि ज्याला तो सांगता येई, त्याला आत सोडी. पुढे पहारे गेले आणि या शब्दप्रयोगाचा अर्थही पालटला. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या शब्दाला आपण परवलीचा शब्द म्हणू लागलो. जो गुप्त राहायचा, तोच सर्वतोमुखी झाला! भाषेने केलेली ही थट्टा आज आठवली ती आपल्या मुलांच्या पासवर्डमुळे.

वाचकहो, मी एका हायस्कूलचा मुख्याध्यापक. गाव वडोदरा, म्हणजे आपले बडोदे. आमची मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि मोबाइलवर तिसरीच एक भाषा बोलतात. गुजरातीत खेळाला 'रमत' म्हणतात. आपण मराठी माणसे ज्यात रमतो, तीच ही रमत. मुले या ऑनलाइन खेळांत किती रमतात, हे मी निराळे सांगायला नको. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली, ती जुलै २०२२ मध्ये थांबली आणि मे २०२३ मध्ये परतली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदी आणली. पण आपली शाळकरी मुले बहुतेक बिनपैजेचेच खेळ खेळतात. तिथे पणाला लागते ते निराळेच काही असते.

दोनेक वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाचे खेळातले खाते 'हॅक' झाले. वर्षभर जमवलेली नाणी कोणीतरी उधळून टाकली. एवढेच असते तर प्रकरण माझ्यापर्यंत आलेही नसते. पण त्याच खात्यावरून वर्गातल्या चार-पाच जणांना घाणेरडे संदेश गेले आणि एकाकडे उसने पैसेही मागितले गेले. संदेशांवर नाव या मुलाचे, म्हणून आठ दिवस त्याच्या बाकावर कोणी बसेना. शोध घेतला तेव्हा हे त्याच्याच जिवलग मित्राचे काम निघाले. त्या मित्राचे वडील समजूतदार गृहस्थ, पण तेही म्हणाले, "सर, ए तो रमत छे ने! खोटी नाणी, खोट्या बंदुका. यात चोरी कसली?" आणि मुलगा म्हणाला, "सर, पासवर्ड त्यानेच मला दिला होता."

या दोन वाक्यांची उत्तरे मला त्या दिवशी द्यावी लागली. तीच येथे जरा सविस्तर मांडतो.

पहिला प्रश्न असा, की जी वस्तू हातात धरता येत नाही ती चोरता येते काय? हा प्रश्न नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून आणि धमकावून 'रूनस्केप' या खेळातले त्याचे ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतले. या वस्तू खऱ्याच नाहीत, असा बचाव झाला. न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ रोजी तो फेटाळला. ज्या मुलाने वेळ आणि श्रम खर्चून त्या मिळवल्या, त्याच्या दृष्टीने त्यांना मोल होते. त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि त्याच्याकडून हिरावल्या गेल्या. म्हणून ती चोरीच ठरली.

म्हणजे ताइताच्या मागे मुलाचा वेळ होता. येथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. संगणकात पासवर्ड आले ते १९६०च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना वापरता यावा अशी योजना केली आणि प्रत्येकाला वेळ वाटून दिला. तो वेळ ज्याचा त्याला मिळावा म्हणून पासवर्ड. १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना. त्याने साऱ्यांच्या पासवर्डची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू केले! पुष्कळ वर्षांनी त्यानेच हे सांगून टाकले. पासवर्डच्या पहिल्यावहिल्या चोरीत चोरला गेला तो वेळच. ज्यांना खेळातली नाणी खोटी वाटतात, त्यांनी मुलाने त्यापायी घालवलेल्या संध्याकाळी मोजाव्यात. त्या वाया गेल्या असे आपले मत असू शकेल, पण त्या होत्या त्याच्याच.

तरीही माझ्या मते सर्वांत मोठी चोरी वस्तूची नाही आणि वेळेचीही नाही. ती नावाची आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-क हे कलम आले. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, असे ते सांगते. चोरलेली नाणी किती मोलाची होती, हे या कलमाला विचारावे लागत नाही. दुसरा माणूस बनून वावरणे हाच गुन्हा.

दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नलाचे रूप घेऊन बसले होते. पाच नलांतला खरा तिने ओळखला, कारण त्याला घाम आला होता, त्याची पापणी लवत होती, त्याची सावली पडत होती. यंत्राला दमयंतीची दृष्टी नसते. जो शब्द बरोबर सांगेल तो नल, एवढेच त्याला कळते. आणि खेदाची गोष्ट अशी, की पडद्यापलीकडच्या मित्रांनाही तेवढेच कळते. म्हणून तर त्या मुलाच्या बाकावर आठ दिवस कोणी बसले नाही.

आता दुसरा प्रश्न. पासवर्ड त्यानेच दिला होता, मग दोष कोणाचा? रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या जुन्या बिऱ्हाडांतून शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावाला जाण्याची रीत होती. झाडांना पाणी घालावे, दूधवाला आला तर दूध घ्यावे, यासाठी ती किल्ली. तिने कपाट उघडले तर कोणी असे म्हणत नसे, की किल्ली तुम्हीच दिली होती! देणाऱ्याने देताना एक मर्यादा घालून दिलेली असते. ती बोलून दाखवली नाही म्हणून ती नसते असे नाही. मराठी दप्तरातल्या पत्राला आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर घालू नये, हा मोर्तबाचा अर्थ. मित्राच्या मनातले असे मोर्तब ओळखता येणे, हीच मैत्री. ते मोडणारा परक्या चोरापेक्षा अधिक दोषी, कारण परक्याला विश्वास मोडावा लागत नाही.

मग पासवर्ड देणारा अगदीच निर्दोष का? त्याचा गुन्हा नाही. पण त्याचे कर्तव्य मात्र राहिले. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० पासून बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने ग्रंथालयांचे जाळे उभारले. ग्रंथालयाचा कोणताही जुना वाचक सांगेल, की आपल्या नावावर पुस्तक दुसऱ्याला काढू दिले आणि ते हरवले, तर बोलावणे आपल्यालाच येते. आपले नाव जपणे हे इतरांशीही असलेले कर्तव्य आहे. त्या मुलाच्या नावाने फसले असते ते त्याचे वर्गमित्रच.

हे जपावे कसे, तेही थोडक्यात सांगतो. नीट चालवलेली कंपनी आपला पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही; गहू दळून पीठ ठेवावे तसे त्याचे रूपांतर करून ठेवते. आपण पुन्हा गहू दिला की तो दळून पीठ पिठाशी ताडून पाहते. पिठाचा गहू करता येत नाही, म्हणून पीठ चोरीला गेले तरी धोका कमी. पण साऱ्याच कंपन्या एवढी काळजी घेत नाहीत. २००९ साली 'रॉकयू' या कंपनीचे तीन कोटींहून अधिक पासवर्ड उघडेच सापडले आणि त्यांत सर्वांत लोकप्रिय निघाला १२३४५६! म्हणून एकाच किल्लीने सगळी घरे लावू नयेत. पासवर्ड लांब असावा. आपल्यालाच सुचलेले, असंबद्ध चार-पाच शब्दांचे वाक्य उत्तम. फोनवर दुसरा आकडा मागणारी सोय चालू ठेवावी आणि तो आकडा कोणालाही सांगू नये. 'फुकट हिरे, फुकट नाणी' म्हणणाऱ्या दारात पासवर्ड टाकू नये. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

आईबापांनी मुलांचा पासवर्ड जाणावा का, असे पालक मला विचारतात. लहान मुलाचा जरूर जाणावा, पण त्याला सांगून. चोरून पाहिलेल्या पासवर्डाने मूल एवढेच शिकते, की प्रेम असले की मर्यादा ओलांडता येते. त्या नववीतल्या मित्रानेही हेच तर केले होते.

त्याला मी शिक्षा एकच केली. त्याने वर्गापुढे उभे राहून सांगायचे, की ते संदेश माझे होते, याचे नव्हते. नाणी परत आली नाहीत; त्याबद्दल पुन्हा कोणी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी मी वर्गावरून गेलो तेव्हा त्या बाकावर तिघे दाटीवाटीने बसले होते.

या दिवाळीत मुलाला नवा मोबाइल देणार असाल, तर त्याच्याबरोबर तासभर वेळही द्या. पासवर्ड कसा करायचा ते सांगा आणि आपले नाव म्हणजे काय, तेही सांगा.