आधी काय, मग काय?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे तान्ह्या बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. पदार्थविज्ञानवाल्यांकडेही एक काळा दोरा आहे. पण तो दृष्ट काढत नाही, जवळ आलेला प्रकाशसुद्धा गिळतो! लांबी, रुंदी, उंची आणि काळ यांपलीकडे पाचवी मिती आहे असे धरायचे आणि कृष्णविवर त्या मितीत सुतासारखे ताणायचे, की झाला काळा दोरा. तो अजून कुणी पाहिलेला नाही. सगळा व्यवहार कागदावर. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही. पुण्याच्या आयुकातले नरेश दधीच यांनी सहकाऱ्यांबरोबर २००० साली असा हिशेब मांडला होता, की पाचव्या मितीतल्या गुरुत्वाकर्षणाचा ठसा आपल्या जगातल्या कृष्णविवरावर उमटू शकतो. न दिसणाऱ्या खात्यातली रक्कम आपल्या पासबुकात उतरावी तसा!

हा दोरा लांबलचक असला तर सरळ मात्र राहत नाही. रूथ ग्रेगरी आणि रेमंड लाफ्लाम यांनी १९९३ साली ते दाखवले. कुठे जरासा फुगवटा आला, की ओढ तिकडेच वाढते. जाड ते आणखी जाड, बारीक ते आणखी बारीक. थोडक्यात, असेल त्याला आणखी! आमच्या कर्जखात्यात याला शोध म्हणत नाहीत, रिवाज म्हणतात.

काही शास्त्रज्ञ या दोऱ्याभोवती ‘नॉन-आबेलियन’ क्षेत्रे मांडतात. नावाला घाबरू नका. ५ अधिक ३ काय नि ३ अधिक ५ काय, क्रमाने फरक पडत नाही तो हिशेब आबेलियन. पडतो तो नॉन-आबेलियन. म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा आधी दात बघतो, मग पैसे मोजतो. क्रम उलटा करून बघा! खुद्द नील्स आबेल हा नॉर्वेचा गणिती १८२९ साली २६ व्या वर्षी क्षयाने गेला, आणि बर्लिनची नोकरी ठरल्याचे पत्र मित्राने लिहिले ते दोन दिवसांनी. नोकरीही तीच, मरणही तेच. क्रम तेवढा चुकला.

आता आमच्या तालुक्याकडे या. तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. आणि उन्हाळा लागला, की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे मांडतात. ‘आज ना उद्या सगळ्यांनाच मिळणार’ असे सांगतात. बेरीज बरोबर आहे हो! पण तहानेचा हिशेब आबेलियन नाही. ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्यामध्ये सव्वाशेवर वर्षे गेली. हंडा आजीच्या डोक्यावरून नातीच्या डोक्यावर आला, एवढाच काय तो फेरफार.

काळ्या दोऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. जाडाकडे ओढणे हा त्याचा स्वभाव, ‘आधी कुणाला?’ हा प्रश्न त्याला पडत नाही. माणसाला पडतो, निदान पडायला हवा. मुंबईला पाणी देऊ नका असे कोण म्हणतो? प्रश्न पहिल्या हंड्याचा आहे. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणत आपण साक्षात पांडुरंगाला रांगेत मागे उभे केले. त्याने कधी तक्रार केली नाही. मग मुंबईने का करावी?